टिकल्यांचा फळा

सोम. १९ जाने.
पुण्याच्या दुकानातून पुन्हा फोन. कडक भाकरीच्या पाकिटांत भाकरी कमी, तुकडे जास्त. असंच चाललं तर ऑर्डर बंद, म्हणाले. या ऑर्डरीच्या जिवावर दिवाळीनंतर दुपारपाळीला नव्या बायका घेतल्यात. त्यांना काय सांगायचं?
गंगाक्का तडक पॅकिंगच्या खोलीत. "हात हाय का हातोडा गं पोरींनो?" रेणुकाचं तोंड एवढंसं झालं. नव्या बायकांची ती मुकादम, सगळं तिच्यावरच आलं.
अक्कांना बाहेर घेऊन विचारलं, पॅकिंगमध्येच तुटतात हे कशावरून?
"मला कळतंय की. भाकरी थापून थापून हे उभं केलंय मी."
त्या मालक. हिशेब नि कॉम्प्युटर बघायला मी आले त्याला वर्षही नाही झालं. परत हिशेबाला बसले. पण...

बुध. २१
मोठ्या हौसेनं तक्ता छापून टेबलाटेबलावर ठेवला. किती तुटल्या, कधी तुटल्या. संध्याकाळी बघते तर सगळ्या कागदांवर एकच: 'नाही'. एकसुद्धा तुटली नाही म्हणे! आणि कोपऱ्यात तुकड्यांचं घमेलं शीग लावून.
शेवटी रेणुकाच खरं बोलली. "ताई, तुटली म्हणून लिवलं की पगारातून कापणार. कोण लिवंल?"
बरोबर आहे की. माझ्या डोक्यात कसं आलं नाही हे?

गुरु. २२
अक्कांशी दुपारभर वाद. चहा दोनदा गार. शेवटी उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुटल्याचं सांगितलं म्हणून कुणाचा रुपाया कापणार न्हाई. आयतु." त्यांचं 'आयतु' म्हणजे विषय संपला.
भाकरी भाजणारी नागम्मा भट्टीवरून कन्नडमध्ये काहीतरी बोलली. बायका खो खो हसल्या, अक्काही. काय ते मला कुणी सांगेना.

रवि. २५
रेणुका, मी, तिच्या दोन मुली, गड्ड्याच्या जत्रेत. पाळण्यात बसले, डोळे गच्च मिटून. खाली उतरल्यावर रेणुका टिकल्यांच्या स्टॉलपाशी जी रमली ती हलेचना. लाल, हिरव्या, चमकीच्या. बघता बघता मला सुचलं. कागद नको. पेन नको. दोन डझन पाकिटं घेतली. स्टॉलवाल्याला वाटलं घरात लग्न आहे.

मंगळ. २७
पॅकिंगच्या भिंतीवर पांढरा फळा. दोन खाने: सकाळचा माल, दुपारचा माल. पाकीट खराब निघालं की तिथं टिकली. खोक्यांवर 'स' नाही तर 'दु' लिहायचं, म्हणजे पुण्यात फुटलेलं कळलं की तेही लावता येईल. पुण्याला फोन रेणुका करणार.
पहिली टिकली लावायला कुणी पुढं येईना. नागम्मा आली, स्वतःच्या कपाळावरची काढून चिकटवली. "घ्या. माज्या हातनं तुटली एक." टाळ्या!!

मंगळ. ३ फेब्रु.
फळा लालेलाल. पण एकाच बाजूला. सकाळच्या खान्यात तुरळक, दुपारच्यात जागा उरली नाही.
अक्का: "बघ. नव्या पोरी."
खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. नव्या बायकांना शिकवण्याचा बेतसुद्धा आखला मी. रेणुका दिवसभर बोलली नाही. डबाही एकटीनं खाल्ला. हा फळा मी कशाला...

बुध. ४
सकाळी रेणुका माझ्या टेबलासमोर उभी. "ताई, पाळ्या बदला. आमी सकाळी येतो, जुन्या दुपारी येतील. मग बघू टिकल्या कुटं जात्यात."
अक्कांना विचारलं. हो-नाही करत हो म्हणाल्या.

बुध. ११
टिकल्या हलल्या नाहीत! माणसं बदलली, तरी दुपारचाच माल तुटतोय. जुन्या, मुरलेल्या हातांतूनही.
रेणुकानं खोलीभर फुगडी घातली, नागम्मासकट. माझा शिकवण्याचा बेत तिनं मोठ्यानं वाचून दाखवला, 'पाकीट हळू धरणे' वगैरे. हसून हसून पोट दुखलं. माझीच जिरली नि मजा मलाच सगळ्यात जास्त आली.
मग सगळ्या फळ्यासमोर. दुपारी वेगळं काय होतं? कोण म्हणालं पीठ. नाही, पीठ तेच. कोण म्हणालं ऊन. मग दोघीतिघी एकदमच बोलल्या, आधी कोण ते आता आठवत नाही: सकाळच्या भाकरी जेवणापर्यंत गार होतात. दुपारच्या भट्टीवरून थेट पाकिटात, कारण तीनला टेम्पो. गरम एकावर एक दाबल्या की वाकतात, गार होताना तडकत असतील.
आणि तीनची वेळ कुणी ठरवली?
सगळ्यांच्या नजरा अक्कांच्या खोलीकडे.

गुरु. १२
सांगायचं कुणी? नागम्मा म्हणाली, सगळ्यांनी. गेलो. अक्का फळ्यासमोर हात मागं बांधून उभ्या.
"म्हंजे माज्यामुळं तुटतंय म्हना की."
रेणुका म्हणाली, "तसं नक्की न्हाई अक्का. टेम्पो सातला सोडून बघू. मग टिकल्या सांगतील."
अक्का वळल्या. वाटलं, आता तोफ. तर रेणुकाच्या पाठीत एक धपाटा. "लई शानी झालीस गं!" आणि टेम्पोवाल्या सलीमभाईंना स्वतः फोन. तिकडून बरीच कुरकुर ऐकू येत होती.
घरी येताना सुसाट गाडी चालवली. ह्यांनी विचारलं, पगार वाढला का? म्हटलं, नाही, पण...

सोम. १६
आज पहिला सातचा टेम्पो. दुपारच्या भाकरी टोपल्यांत पसरून गार केल्या. नागम्मा हात लावून लावून बघत होती, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी.
सातला दोन्ही पाळ्यांच्या बायका फाटकात. सकाळच्यासुद्धा घरी गेल्या नव्हत्या. सलीमभाई वैतागलेले. "अक्का, रात की गाडी चलाते हम. अब तो नहीं टूटेंगे ना?"
आम्ही सगळ्या अक्कांकडे. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार असतं.
"म्हाईत न्हाई," अक्का म्हणाल्या. "उद्या तितं खोकी उघडली की मोजून सांगा."
बायकांनी असा गिल्ला केला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. टेम्पो वळला, पुण्याच्या रस्त्याला लागला. लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत कुणी हललं नाही.
फोन उद्या दुपारपर्यंत येईल. रेणुका म्हणते, तीच उचलणार.