आपल्या घरातले दोन परके

प्रिय रऊफ,

शुक्रवारी तुझा फोन येतो तो मिशारीच्या मोबाइलवर. तुम्हा बापलेकांचं पोटभर बोलून झालं की तो फोन माझ्याकडे देतो, आणि समोरच बसून राहतो. मग तू तब्येत विचारतोस, मी हवा सांगते. इतकंच होतं. तुझा आवाज कानावर पडला की जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून आज लिहायला बसले.

परवा शरीफा खालाला घेऊन तुझ्या जुन्या दवाखान्यात गेले होते. तिची कवळी पुन्हा सैल झालीय. तुझ्या टेबलाशी आता एक तरुण मुलगी बसते, आमचीच, कुवेती. हात अजून बसलेला नाही तिचा. खाला कुठली गप्प राहायला! तिच्या तोंडावर म्हणाली, "तो इजिप्तचा मिसरी कुठं गेला? त्यानं केलेले दात तोंडात आहेत हे जेवताना कळायचंसुद्धा नाही." पोरगी कावरीबावरी झाली. मी म्हटलं, "शिकेल गं खाला, तोही एका दिवसात शिकला नव्हता." तुझी जागा घेतली म्हणून मला तिचा राग यायला हवा होता. पण कसा येणार? शाळेतल्या शिक्षकखोलीत मीच नाही का म्हणायचे, आपल्या मुलांना आपल्याच देशात नोकऱ्या मिळत नाहीत म्हणून? तेव्हा त्या वाक्यात तूही येतोस हे माझ्या डोक्यातच येत नसे. माझ्या लेखी तू घरचा होतास.

याच खालामुळे तर आपलं लग्न झालं. माझे वडील तुझं नाव काढलं की हात झटकायचे. "माणूस चांगला आहे, पण परका आहे. उद्या मुलंसुद्धा त्याच्याच देशाची होतील." तेव्हा भर जेवणात खाला त्यांना म्हणाली होती, "त्याचे दात घालून मेजवान्या झोडतोस आणि मुलगी द्यायची वेळ आली की तो परका?" वडील हसले, आणि हसताना ते दात दिसले, म्हणून आम्ही सगळेच हसत सुटलो. पण त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, रऊफ. मिशारी झाला, आणि माझ्या पोटचा मुलगा माझ्याच देशात तुझ्या पासपोर्टवर राहू लागला. इथे दहा माणसं उभी केली तर तीन आमची आणि सात बाहेरची, असं सगळे म्हणतात. आपल्या घरात तीन माणसं. त्यातली मी एकटी इथली, आणि तुम्ही दोघं परके.

तू ते थट्टेवारी न्यायचास. मला राणीसाहेब म्हणायचास, राहायच्या परवान्याची मुदत संपत आली की माझ्यापुढे वाकून उभा राहायचास. मिशारीला मात्र ती थट्टा कधी जमली नाही. तुझ्याशी बोलताना तो थेट तुझ्या गावचा होई, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की आमच्या बोलीत शिरे. जासिममामाच्या दिवाणियात, पुरुषांच्या बैठकीत, सगळे मामेभाऊ चहा पीत बसलेले असताना एकानं त्याला विचारलं होतं, "काय रे, तू आमच्या तिघांतला की त्या सातांतला?" सगळे हसले. मिशारीही हसला. घरी येऊन मला म्हणाला, "यूमा, अग्निशामक दलात मला घेणार नाहीत ना?" तेव्हा तो शाळेत होता. मी त्याला भात वाढत राहिले.

जासिमनंच ती वाट सुचवली हे तुला ठाऊक आहे. माझ्या भावाला तू मनातून कधी दोष दिलास का, हे मी विचारलं नाही. तो वाईट नाही. त्या दिवशी तो मला म्हणाला होता, "आपण मूठभर आहोत, लुलुवा. दार सताड उघडलं तर घर आपलं राहील का, ही भीती मला खरंच वाटते. पण भाच्याकडे बघितलं की कसला नियम न् काय असं होतं." मग त्यानं सांगितलं की बाई विधवा असेल किंवा तिचा कायमचा तलाक झाला असेल, तर तिच्या मुलाच्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. करता येतो, एवढंच. खिडकीपलीकडच्या कारकुनानंही तेच सांगितलं, "तलाक किंवा मृत्यू, बाई, दोहोंपैकी एक दाखवावं लागेल." बाहेर गाडीत तू म्हणालास, "मग तलाकच बरा. निदान तुझ्या हातचं मचबूस तरी खायला मिळेल." मी हसले. घराचं वळण आलं तेव्हा तू गाडी सरळच पुढे नेलीस.

कागदापुरतं आहे असं आपण म्हणत होतो. पण मला तसं जमलं नाही, आणि तुलाही. काझीसमोर जे झालं ते देवासमोरच झालं. तू हवल्लीला एक खोली घेतलीस. मी डबा भरायचे, मिशारी पोचवायचा, रिकामा डबा तू धुऊन परत पाठवायचास. कधी चुकून रस्त्यात भेटलो तर ओळखीच्या बाईला करावा तसा सलाम करायचास. आणि मग दवाखान्यानं तुझी जागा इथल्या माणसाला द्यायचं ठरवलं. साठीला आलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार? नवरा असतास तर माझ्या नावावर इथेच राहिला असतास. तो हक्क आपण आपल्याच हातानं सोडून दिला होता. विमानतळावर तू मिशारीला घट्ट धरलंस. माझ्याकडे वळलास आणि हात छातीवर ठेवून उभा राहिलास. मला तुझा हातही धरता आला नाही. तुझ्या पाठीवर घामानं चिकटलेला शर्ट सरळ करावासा वाटत होता, तेवढाही अधिकार उरला नव्हता.

तेव्हापासून आपण वाट बघतोय. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, "विचाराधीन आहे." मिशारी आता खाजगी कंपनीत आहे, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि आग विझवण्याचे पाइप तपासतो. काम त्याला आवडतं. गेल्या आठवड्यात जेवताना तो एकदम म्हणाला, "यूमा, अर्ज मागे घे." मी म्हटलं, "वेडा आहेस का? इतकी वर्षं काढली." तो म्हणाला, "मी कागदाची वाट बघतोय आणि तुम्ही दोघं माझी. कागद आला तर आनंदच आहे. पण बाबा तिकडे एकटे अंडी उकडून खातात आणि तू इथे तीन माणसांचं रांधतेस. मला हे बघवत नाही." मला रडू आलं नाही, राग आला. त्याच्यासाठी आपण एवढं सोडलं आणि तो ते नको म्हणतो! सबंध दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच चहा करून आणला आणि म्हणाला, "मी कुठला हे कुणी ठरवायची मी वाट बघत नाही आता. मी इथलाच आहे, परवाना काढून राहणारा." तुझ्यासारखंच भुवया उडवून म्हणाला.

मग मी जासिमकडे गेले. निकाहात माझ्या बाजूनं उभं राहायला भाऊच लागतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "पुन्हा तोच? इतक्या वर्षांत दुसरा कुणी बरा माणूस दिसला नाही का तुला?" मी म्हटलं, "नाही दिसला." त्यानं कपातली कॉफी संपवली. मग म्हणाला, "तिकडे मासळी चांगली मिळते म्हणतात. येईन मी."

तर रऊफ, हे पत्र त्यासाठी आहे. मी अर्ज मागे घेतला. काझींनाही विचारून आले. तलाक एकदाच झालेला, म्हणून आपल्याला नव्यानं निकाह लावता येतो, मध्ये काही आड येत नाही. आमच्याकडे बाई स्वतः मागणी घालत नाही, पण मागच्या खेपेला तू माझ्या वडिलांसमोर घाम पुसत बसला होतास, आता माझी पाळी. माझी नोकरी संपली आहे, घराची किल्ली मिशारीकडे राहील. मी रशीदला येऊन राहीन म्हणते, तुझ्या गावात, तुझ्या घरात. तिथे परकी मी असेन. माझं बोलणं ऐकून भाजीवाली हसेल, राहायच्या परवान्यासाठी मी रांगेत उभी राहीन, आणि तू शेजारी उभा असशील. तुझी इच्छा नसेल तर तसं सांग, मी समजून घेईन. एकट्यानं राहायची सवय माणसाला होऊन जाते, हे मला ठाऊक आहे. पण हो असेल तर मिशारीजवळ निरोप ठेवू नकोस. इतकी वर्षं आपण त्याच्याच हातून बोलत आलो. या वेळी फोन मला कर.

तुझीच,
लुलुवा