डबा रिकामा द्यायचा नसतो

२ फेब्रुवारी, सोमवार

आज माझ्या खुर्चीवर अतिक्रमण झाले! एनआयसीयूबाहेरच्या समस्त खुर्च्यांत न डुगडुगणारी ती एकच. शनिवारपासून वहिवाट माझी. चहाला खाली गेले, परत येते तो तिच्यावर एक बाई – पायाशी पिशवी, मांडीवर स्टीलचा डबा. मी खाकरले. घड्याळ पाहिलं. शेवटी म्हणाले, "इथे मी बसले होते."

"मंग आता मी बसते. तुमी दमल्या असताल बसून बसून."

तीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांना टोमणे मारते आहे. मुकाट्याने डुगडुगत्या खुर्चीवर जाऊन बसले.

काचेआड माझी नात. तिसाव्या आठवड्यातच आली – एक किलो शंभर ग्रॅम. मंडईतून मी याहून जड कोबी आणते. पेटीवर नाव नाही, माझ्या लेकीचं तेवढं – 'देवश्रीचं बाळ'. डॉक्टर म्हणतात, "बघू." सरकारी कचेऱ्यांच्या 'बघू'वर मी किती विनोद केलेत!

३ फेब्रुवारी

खुर्चीवालीचं नाव बनुबाई. गाव भंडारदऱ्याकडचं. मुलगा गोरक्ष इथे नागापूरला कारखान्यात, भाड्याच्या खोलीत राहतो. सून राजनंदिनी वरच्या वॉर्डात, माझ्या देवश्रीच्या शेजारच्या खाटेवर. नातू इथे शेजारच्या पेटीत. दीड किलो!

"आमचा पैलवान हाय," म्हणाल्या.

हेवा वाटला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

देवश्रीला दूध येत नाही. पंप लावते, रडते, पुन्हा लावते. सिस्टर म्हणाली, आईचंच हवं, थेंबभर का होईना. मी "टेन्शन घेऊ नकोस" म्हणाले – जगातलं सर्वांत निरुपयोगी वाक्य. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तीन दिवस माझ्या हातचं काही खाल्लेलं नाही.

बनुबाईंनी सुनेच्या डब्यातली निम्मी बाजरीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं देवश्रीपुढे ठेवलं.

"हुलग्याचं हाय, बाधत न्हाई. खा गं बाय. रडाया बी बळ लागतं."

कार्टीने खाल्लं! मग डबाच पुढे सरकवला त्यांनी – "सकाळी ह्यातलंच खा, शिळी भाकर लई ग्वाड लागती."

६ फेब्रुवारी

चार मिली दूध! चमचाभरसुद्धा नाही. सिस्टरने सिरिंज उजेडात धरून दाखवली. मी देवापुढेही अशी उभी राहिले नसेन.

बनुबाईंचे आभार मानायला गेले. शब्दांची माणूस मी, आणि नुसती फेंदारलेल्या नाकाने रडत उभी.

"आभार कशाचं? डबा तेवढा आठवणीनं द्या. आन् रिकामा दिऊ नगा म्हंजी झालं."

"पोरीला घरी नेताना पेढे भरून देते."

"दोगं संगटच जातील बगा. आमचा पैलवान जरा थांबंल तिच्यासाठी."

९ फेब्रुवारी, सोमवार

पैलवानाला इन्फेक्शन. दूध बंद केलंय. बनुबाई काचेला कपाळ लावून उभ्या. "बसा हो," म्हटलं, तर ऐकू गेलं नाही. मलाही बसवेना. खुर्ची दिवसभर मोकळी.

११ फेब्रुवारी, बुधवार

काल संध्याकाळी नातीच्या नाकातल्या नळ्या काढल्या. स्वतःचा श्वास घेतेय! घरी जायला अवकाश आहे, पण मला कुठला धीर. सकाळीच पेढे आणले, बनुबाईंच्या डब्यात इतके दाबून भरले की झाकण लागेना. कोपऱ्यावरून वळतानाच हाक मारली – "बनुबाई, तोंड उघडा!"

शेजारची पेटी रिकामी. मावशी ती पुसत होत्या. गोरक्ष भिंतीला टेकून. बनुबाई फरशीवर.

पहाटे गेला.

मी डबा ओढणीखाली घेतला. त्यांनी पाहिलं ते पाहिलंच. म्हणाल्या, "तुमच्या पोरीच्या नळ्या काढल्या म्हनं. लई ब्येस झालं."

इथे तरी खरं लिहिते. रिकामी पेटी पाहून आधी वाटलं – आपली नाही. हायसं वाटलं. बाकीचं सगळं त्यानंतर.

वर वॉर्डात राजनंदिनीला दूध येतंय. तिला ताप, इतक्यात सोडणार नाहीत. देवश्रीने आज बाथरूममध्ये जाऊन पंप लावला, नळ सोडून. आवाज जाऊ नये म्हणून.

गोरक्षच्या खोलीला कुलूप. ते गावी असते तर दुःखाच्या घरी चूल बंद म्हणून भावकीने पिठलं-भाकरीचा कडू घास आणला असता. इथे कँटीनचा वडापाव. तोही दोघांनी तसाच ठेवलाय.

१२ फेब्रुवारी

पेढे काढले. डबा घासला. पिठल्याला हुलग्याचं पीठ हवं म्हणून चार दुकानं फिरले. बाजरीच्या तीन भाकरी तव्यावर घालण्याआधीच मोडल्या. चौथी एका बाजूने करपली, पण अखंड.

बनुबाईंनी झाकण काढलं. करपलेल्या बाजूवरून बोट फिरवलं.

"भाकर तुमी थापली?"

"हो."

"दिसतंय."

मग एक तुकडा मोडून गोरक्षच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात घातला.