पहिल्या तुकडीचा हट्ट

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. आता मुरुडच्या शाळेनं मैदानाला तुमचं नाव द्यायचं ठरवलंय आणि खो-खोची जुनी खेळाडू म्हणून माझ्याकडून एक पान मागवलंय. फोन करणाऱ्या मास्तरांनी पानात काय यावं तेही सांगून टाकलं. शिस्त यावी, त्याग यावा आणि 'क्रीडामहर्षी' हा शब्द कुठंतरी बसवावा. मी हो म्हणाले आणि फोन ठेवून हसले. ज्या माणसानं सात मिनिटांच्या डावाला कधी कागद-पेन्सिल लावली नाही, तो महर्षी. त्यागाचं म्हणाल तर दुपारची झोप तुम्ही एक दिवसही सोडल्याचं मला आठवत नाही.

मी नांदेडला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते हे तुम्हाला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नसेल. मी खो-खोच्या सामन्यांची गणिती मॉडेलं करते. कोणती मुलगी सरासरी किती वेळ पळते, कोणत्या खांबाशी बाद होते, दमल्यावर किती सेकंद कमी टिकते, हे सगळं भरलं की संगणक एकच सामना हजारो वेळा खेळून बघतो आणि पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकड्या कोणत्या क्रमानं उतरवाव्यात ते सांगतो. आजकाल या धंद्याला भलताच भाव आलाय. पुण्याहून इस्त्रीच्या शर्टातली पोरं लॅपटॉप घेऊन येतात. त्यांनी जन्मात कधी खांब धरलेला नसतो, पण कोणत्या खेळाडूनं कुठं वळावं हे ती पडद्यावर बाण काढून शिकवतात. मला त्यांची कीव येते. तरी तुमच्यापेक्षा ती परवडली. चुकीचा का होईना, हिशोब करतात.

तुमची पद्धत मी वर्गात दरवर्षी सांगते आणि मुलं दरवर्षी हसतात. सामन्याआधी तुम्ही मैदानाच्या मधोमध उकिडवे बसणार, चिमटीत काळी माती घेऊन चोळणार, नाकाशी नेणार, आणि डोळे मिटून थोडा वेळ थांबणार. आम्ही नऊ जणी श्वास रोखून उभ्या. मग तुम्ही उठून तुकड्या सांगणार आणि पहिल्या तुकडीत दरवेळी मी, ती उंच पोरगी आणि मुख्याध्यापकांची पुतणी. माती ओली असो, भेगाळलेली असो, लातूरची असो की भोकरची, तुमचं उत्तर तेच. उत्तर बदलणारच नसेल तर मातीला त्रास कशाला द्यायचा, असं मी म्हणते तेव्हा मागच्या बाकावरचेसुद्धा जागे होतात. मातीचा ओलावा मी एकदा मॉडेलमध्येही घालून बघितला होता. काडीचा फरक पडला नाही. त्या दिवशी मला झालेला आनंद फारसा चांगला नव्हता, पण झाला होता.

नववीत असताना मी भावाचं घड्याळ मनगटावर बांधून दोन महिने सगळ्या जणींचे वेळ टिपले होते. वहीची बारा पानं भरली. माझं म्हणणं सोपं होतं. भक्कम तुकडी पहिली पाठवली की तिघी केव्हातरी बाद होणारच, तीन गुण जाणारच. तीच तुकडी शेवटी पाठवली तर आपल्या पळत्या मुली अजून मैदानात असताना वेळ संपेल आणि एखाद-दुसरा गुण वाचेल. ही वही घेऊन मी तुमच्या खोलीत आले. चुन्याची पोती, फाटकी जाळी, भिंतीला टेकवलेले खांब, आणि तुम्ही खुर्चीवर शेंगा फोडत बसलेले. तुम्ही वही उघडली, उलटीसुलटी केली, मांडीवर ठेवली आणि टरफलं तिच्यावर टाकू लागलात. माझ्या तक्त्यांवर टरफलांचा ढीग साचला. मग म्हणालात, "वही वर्गात ठेव. हितं पळायचं असतंय, पाढे म्हणायचे न्हाईत." वही झटकून परत दिलीत. ती टरफलं मी अजून विसरले नाही.

पुढच्याच महिन्यात विभागीय अंतिम सामना होता, नांदेडला, तिथल्याच एका शाळेशी. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. ही गोष्ट मी वर्गात अशी सांगते. शेवटची पळती, म्हणजे पळायची पाळी, आमची होती. नऊ जणी संपल्या की पहिली तुकडी पुन्हा उतरते; असे एकूण दहा बाद झाले तर आम्ही हरणार, एरवी आमच्या सात-आठच बाद होत. मी खोलीत जे म्हटलं होतं तेच मैदानाच्या कडेला पुन्हा म्हटलं, की सर, मला शेवटच्या तुकडीत ठेवा. तुम्ही माती हुंगली आणि मला पहिल्या तुकडीत उतरवलंत. मी खांबाजवळ वळताना लगेच बाद झाले, पाय मुरगळला होता. नऊच्या नऊ बाद होऊन पहिली तुकडी पुन्हा मैदानात आली आणि शेवटच्या काही सेकंदांत ती उंच पोरगी हाताला लागली. एका गुणानं गेलो. आणि मग, हे मी फळ्याकडे पाठ करून खास आवाजात सांगते, मुख्याध्यापकांसमोर सरांनी स्वतः कबूल केलं, "तुकडी म्या चुकीची लावली. पोरींचा दोष न्हाई." एका अडाणी मास्तराला एका मुलीच्या वहीपुढं मान तुकवावी लागली. इथं मुलं टाळ्या वाजवतात. माझी नोकरी, माझे शोधनिबंध, माझा एवढा तोरा, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे.

या वर्षी आमच्या कॉलेजच्या मुलींचा सामना लातूरला होता. संघाची प्रशिक्षक तरुण मुलगी आहे, शिरूर अनंतपाळची, स्वतः उत्तम खेळलेली. तिनं माझं मॉडेल मुकाट्यानं मानलं आणि कच्ची तुकडी पहिली उतरवली. दीड मिनिटाच्या आत तिघी बाद. मी कडेला वही घेऊन बसले होते, माझ्या मते सगळं अपेक्षेप्रमाणे चाललं होतं. पण पुढच्या तुकडीतल्या मुली आत जातानाच मेल्यासारख्या गेल्या. नेहमी तीन मिनिटं टिकणारी आमची सगळ्यात चांगली पोरगी उतरेपर्यंत समोरचा संघ नुसता उडत होता, आणि ती अर्ध्या मिनिटात गेली. आम्ही वाईट हरलो. बसमध्ये प्रशिक्षक माझ्या शेजारी येऊन बसली आणि फार अदबीनं म्हणाली, "मॅडम, तुमचं गणित बरोबर असंल. पण बाहेर बसलेल्या पोरी पहिल्या तुकडीकडं बघूनच धीर धरत्यात. ते कुठं भरलंय का तुम्ही?"

नव्हतं भरलं. मी धरून चालले होते की प्रत्येकीचा वेळ हा तिचा तिचा असतो, एकीच्या बाद होण्याचा दुसरीच्या पायांशी संबंध नसतो. संख्याशास्त्रात याला स्वतंत्र घटना म्हणतात आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना मी बजावते की हे गृहीतक तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. मी स्वतः तीस वर्षं तपासलं नव्हतं. घरी येऊन सगळे सामने पुन्हा मांडले, आणि जिथं पहिली तुकडी लवकर पडली तिथं पुढच्या मुलींचे वेळ खाली आलेले दिसले. तुकड्यांच्या क्रमाचा फरक त्यापुढं नगण्य होता. म्हणजे ज्या मुद्द्यावर मी तुम्हाला जन्मभर अडाणी म्हणत आले, तो मुद्दाच चिल्लर होता. तरी मी लगेच स्वतःची समजूत घातली. तुम्हाला यातलं काही कळत नव्हतं, तुम्ही फक्त हट्टी होता आणि एकदा तुमचा हट्ट बरोबर निघाला, एवढंच.

पण सर, टरफलांच्या गोष्टीतलं एक वाक्य मी वर्गात कधीच सांगत नाही. वही झटकून माझ्या हातात देताना तुम्ही आणखी एक वाक्य बोलला होता. "पहिली तुकडी पडली की मागच्या पोरी बसल्या जागी पडत्यात." मी ते त्याच दिवशी विसरून टाकलं, कारण ते वहीत कुठं लिहायचं ते मला कळेना. बारा पानं भरून मी जे शोधत होते त्यापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही शेंगा खाता खाता सांगितली होती, आणि मी टरफलं तेवढी लक्षात ठेवली. मला माझाच राग येतोय, आणि तुमचाही. जरा नीट समजावून सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं तुमचं?

आता तो सामना खरा कसा झाला ते सांगते. तुम्ही मला पहिल्या तुकडीत उतरवलंत तेव्हा माझ्या डोक्यात वहीचं शेवटचं पान होतं. मी हिशोब केला होता की मी लवकर बाद झाले तर फार तर एक गुण जास्त जाईल. आठाचे नऊ होतील, दहा होणार नाहीत. आम्ही काठावर जिंकू, राज्याला जाऊ, आणि तुमची पहिली तुकडी कशी कुचकामी आहे ते सगळ्यांसमोर सिद्ध होईल. खांबाजवळ मला वळायचं होतं. मी वळले नाही. पाठीवर हात पडेपर्यंत सरळ पळत राहिले. मग बाहेर बसून एकेकीला पडताना बघितलं, सहा, सात, आठ, नऊ, आणि पुढचं माझ्या हिशोबाबाहेर होतं. पुन्हा आत गेले तेव्हा मी जी पळाले तशी आयुष्यात कधी पळाले नाही. मला कुणी हातसुद्धा लावू शकलं नाही. ती उंच पोरगी मात्र रडवेली होऊन धापा टाकत होती, आणि ती गेली.

मुख्याध्यापकांसमोर दोष अंगावर घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात आणि विचारलंत, "पायाला काय लागलं व्हतं का गं?" मी म्हटलं, हाव. कोणत्या? उजव्या. मुरुडला पोचल्यावर तुम्ही घरून तेलाची बाटली आणून दिलीत, मालनकाकूंनी, म्हणजे तुमच्या घरच्यांनी, कसला तरी पाला घालून उकळलेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी लंगडत आले आणि गडबडीत डाव्या पायानं लंगडले. तुम्ही फाटकाशी उभे होता. माझ्या पायांकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तेल दोन्ही पायांला लावत जा." मला वाटलं, या माणसाला डावा-उजवाही कळत नाही. ही गोष्टसुद्धा मी वर्गात विनोद म्हणून सांगत आले.

शाळेला मी काल पान पाठवून दिलं. शिस्त आहे, त्याग आहे, क्रीडामहर्षीही आहे, त्यांना जे हवं ते सगळं आहे. हे पान मात्र कुठं पाठवायचं नाही, कॉलेजच्या कपाटात सामन्यांच्या कागदांत राहील. त्या कागदांमध्ये नांदेडच्या सामन्याचीही एक ओळ आहे. माझ्या पंधरा सेकंदांपुढं शेऱ्याच्या रकान्यात मी 'दुखापत' लिहिलंय, आणि दुखापत झालेल्या खेळाडूचा वेळ धरत नाहीत म्हणून तो सामना आजवर मॉडेलमधून वगळत आले. आज तो शब्द खोडला. सर, माझे दोन्ही पाय धड होते.