दसऱ्याचा तांदूळ

प्रिय स्नेहल,

पाकीट फोडलंस तेव्हा आधी एक कागदाची पुडी पडली असेल. ती फेकू नकोस. तिच्यात तांदळाचा एकच दाणा आहे, कुंकवाने लाल झालेला. तो कुठे सापडला ते सांगायला बसले आहे, आणि सांगताना मी जरा मिरवणार आहे. तेवढं सहन कर. तीस वर्षं लोकांच्या मांडवात लग्नाचे धवले गाऊन नवरा-नवरीचं कौतुक केलं, आज एक दिवस स्वतःचं करते.

दसऱ्याला तू आली होतीस तेव्हाची पूजा आठवते ना? पाटावर तुझ्या बाबांचा कोयता, मिठागरातलं मीठ ओढायचं लाकडी फावडं आणि मधोमध तू दिलेला लॅपटॉप. तू हसलीस. पण मी त्याच्यावर धवले उतरवून काढते, म्हणजे आता तेच माझं हत्यार नाही का? हळद लावली, कुंकू लावलं, झेंडू ठेवला, आणि अक्षता तर अगदी सढळ हाताने वाहिल्या. मग जेवताना, भाताला मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज तू म्हणालीस की ऑफिसने तीन वर्षांसाठी जर्मनीला जायचं विचारलंय, महिनाअखेर कळवायचंय, पण मी नाही म्हणूनच कळवणार आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणालीस, "मी गेले तर तुझा लॅपटॉप कोण चालू करणार?" तू हसत होतीस, पण तुझं लक्ष ताटात होतं. मी भात तेवढा वाढला.

त्यानंतर बारा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, चहा घेऊन बसले आणि बटण दाबलं, तर काही नाही. ना दिवा, ना आवाज. तू वहीत लिहून दिलं होतंस तसं बटण तीस सेकंद दाबून धरलं. सेकंद मला मोजता येत नाहीत, म्हणून हळदीच्या धवल्याचं एक कडवं मनात म्हटलं, तेवढ्यात तीस होतात. सोडलं, परत दाबलं. तरी काळाच.

तेवढ्यात तुझे दयाराम काका आले. जन्मभर बंदरात क्रेन चालवली, त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र आपल्याला कळतं असं त्यांना वाटतं. झाकणसुद्धा न उघडता वरून दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "वयनी, मदरबोर्ड गेला याचा. आता काय राम नाय याच्यात." मागच्या वर्षी माझ्या मिक्सरचाही त्यांनी मदरबोर्डच घालवला होता. चहा पिऊन गेले.

मी फोन हातात घेतला. तुझं नाव काढलं. आणि मग थांबले. एकदा बिघडला म्हणून सांगितलं की शनिवारी तू पुण्याहून बस पकडणार, कळंबोलीला उतरणार, आणि जर्मनीचा विषय तिथेच कायमचा संपणार. पुढे जन्मभर सांगशील की बघ, मी गेले असते तर काय झालं असतं. मी फोन पालथा ठेवला आणि पदर खोचला.

मी लग्न होऊन आले तेव्हा, आज जिथे सेक्टरच्या बिल्डिंगी आहेत ना, तिथे आम्ही राबायचो ते मिठागर होतं. नवी नवरी होते. एक दिवस आमचा मिठाचा शेवटचा वाफा कोरडा पडला. मी फावडं घेऊन धावले आणि त्या कोरड्या वाफ्यातच उकरायला लागले. तुझी आजी गुणाबाई बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती. ओरडली, "सुक्यात काय खनतेस? पानी हाय तिथून चालत ये!" मग मला हाताला धरून खाडीच्या उघाडीपर्यंत घेऊन गेली. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं दार, तू लहानपणी पाहिलं आहेस. तिथून पाटाच्या कडेकडेने आम्ही दोघी चालत आलो. इथे पाणी आहे, इथेही आहे, इथेही, आणि मग एका वळणावर नाही. तिथे गवताचा गुंता अडकला होता. हाताने ओढून काढला आणि पाणी धावलं. पुढे वीस वर्षं मी त्या मिठागरात वावरले, पण कोरड्या वाफ्यात परत कधी उकरलं नाही.

आणि त्या मंगळवारी मी काय करत होते? काळ्या पडद्यासमोर बसून बटण दाबत होते. म्हणजे सुक्यातच खणत होते की!

मग उठले आणि पाणी आहे तिथून निघाले. घरात लाईट आहे का? पंखा फिरतोय. भिंतीवरच्या बोर्डात आहे का? चार्जर काढून तिथे मिक्सर लावला, मिक्सर ओरडला. परत चार्जर लावला, तर वायरीच्या मधल्या काळ्या डब्यावरचा हिरवा दिवा लागला, म्हणजे तिथपर्यंत आलं. वायर बोटांनी चाचपत टोकापर्यंत गेले, कुठे मोडलेली, कुरतडलेली नव्हती. ते टोक लॅपटॉपच्या भोकात घातलं, आणि बाय, तिथे माझ्या हाताला कळलं. एरवी ते पूर्ण आत बसतं. आज गव्हाच्या दाण्याएवढं बाहेर राहत होतं. किती दिवस असं अर्धवट बसत होतं कोण जाणे, मी रोज लावून मोकळी होत होते आणि तो बिचारा साठवणीवर जगत होता.

बोर्डाचं बटण बंद केलं, चष्मा लावला, मोबाईलची बॅटरी पेटवून आत बघितलं. आत लाल काहीतरी. सुई घ्यावीशी वाटली, पण तू लोखंड घालू नकोस म्हणून बजावलं होतंस. म्हणून केरसुणीचा एक हीर मोडून घेतला, लॅपटॉप कलता धरला आणि हळूहळू कोरलं. टपकन एक दाणा ओट्यावर पडला. दसऱ्याची अक्षत! मीच भक्तिभावाने वाहिलेली.

आता टोक पूर्ण आत गेलं. बटण लावलं आणि बाजूचा बारीक केशरी दिवा लागला. मी त्याला हात लावला नाही, अर्धा तास पोट भरू दिलं. मग दाबलं. पडदा उजळला आणि माझे एक्केचाळीस धवले जिथल्या तिथे. स्नेहल, मला इतका अभिमान वाटला की मी एकटीच मोठ्याने हसले. सातवी शिकलेली बाई मी, पण हे मी केलं. आजीची आठवण आली. तिला कळलंच नसतं हे यंत्र काय आहे, पण ते चालू केलं तिनेच. संध्याकाळी दयाराम काकांना बोलावून मुद्दाम त्याच ओट्यावर चहा दिला आणि सांगितलं, भावजी, मदरबोर्ड माहेरी गेला होता, आला परत. हे पत्रही त्याच्यावरच टाईप केलंय, दोन बोटांनी, तीन दिवस. कामोठ्याला जाऊन छापून आणलं. फोनवर बोलले असते, पण पुढचं मला तुझ्या कानात सांगायचं धाडस होईना.

या वर्षात लॅपटॉप आधी तीनदा बिघडला. पहिल्यांदा, होळीच्या आधी, बोर्डाचं बटणच बंद होतं आणि ते मला खरंच कळलं नव्हतं. तू धावत आलीस, दोन दिवस राहिलीस, जिताड्याचं कालवण बोटं चाटून खाल्लंस, आणि घर भरल्यासारखं झालं. तेव्हा मला कळलं की हा बिघडला की तू येतेस. दुसऱ्यांदा चार्जर हरवला नव्हता, मी पिठाच्या डब्यामागे ठेवला होता. आणि तिसऱ्यांदा, गणपतीनंतर, बोर्डाचं बटण मी माझ्या हाताने बंद करून ठेवलं होतं. पण त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारातून तुला बघितलं. तू पायाच्या अंगठ्याने ते बटण लावलंस, दिवा लागलेला बघितलास, लॅपटॉप मिटलास आणि मला हाक मारून म्हणालीस, "आई, मोठा बिघाड आहे, उद्यापर्यंत राहावं लागेल." मग चटई टाकून गाढ झोपलीस. तुझ्या अंगावर चादर घालताना मला वाटलं, माझी पोर खोटंसुद्धा किती मायेने बोलते.

म्हणून हे पत्र, बाय. तुझे बाबा काशिराम असते तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं, मला एवढी पानं लागली. महिनाअखेरची वाट बघू नकोस. ऑफिसला हो म्हणून कळव. घर रिकामं वाटेल, खोटं कशाला सांगू, पण ते मला झेपेल. लॅपटॉप कोण चालू करणार म्हणून विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर पुडीत बांधून पाठवलंय, ते तिकडे तुझ्या टेबलावर ठेव. आता माझ्याकडे काही बिघडणार नाही, आणि तुलाही यायला बिघाड लागणार नाही. सुट्टी मिळेल तेव्हा ये. दसऱ्याला मिळाली तर फार बरं. पूजा मांडू. अक्षता तू वाहा, भोकावर मी बोट धरीन.

तुझीच,
आई