एकतीस पानं

लातूर, २ जून २०२५

आदरणीय मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहिते. नांदेडला पीएच.डी.ची मुलाखत वीस तारखेला आहे. विषय मनासारखा आहे: पाऊस मागेपुढे झाला की कोरड्या रानातली झाडं पानं कधी टाकतात, पालवी कधी धरतात. शिष्यवृत्तीची जागा एकच. नाही मिळाली तर आईनं बी.एड.चा फॉर्म आणूनच ठेवलाय.

वनरक्षक असताना तुम्ही लिहिलेल्या बावीस डायऱ्या वाचून काढल्या. त्यांत ‘पान लागलं’ अशा एकतीस नोंदी सापडल्या, बहुतेक आषाढ-श्रावणातल्या. लगेच आलेख काढला. पालवी इतकी उशिरा येते हे कुणीच लिहिलेलं नाही. मामा, ही जागा माझीच समजा. मामींना जयभीम.

तुमची,
महामाया

भोकर, ९ जून

चि. महामाया हिस, अ. आ.

तुझं पत्र मनिषाला वाचून दाखवलं. तुझी मामी हसून हसून खालीच बसली. पोरी, लातुरात वाढलीस, तुझा काय दोष? रानात सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला की ‘पान लागलं’ म्हणायचं. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, म्हणून त्याच दिवसांत जास्त. १४ ऑगस्ट २००९ चा ठिपका तर मीच आहे. चपलेवर गस्तीला गेलो होतो.

आता कामाचं. डायरीत ‘पाला पडला’ शोध. सागाचा पाला पडला की वणव्याची धास्ती, म्हणून ती तारीख मी एकाही वर्षी चुकवली नाही. आणि झालेली चूक झाकू नको, सांगून टाक. जागा मिळो न मिळो, मला तुझा लई अभिमान आहे. आईला म्हणावं, फॉर्म जरा थांबू दे.

तुझा,
संघपालमामा

लातूर, २३ जून

आदरणीय मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

मुलाखतीत आधी सापांचाच आलेख दाखवला आणि चूक सांगितली. मॅडम हसल्यासुद्धा नाहीत. मला वाटलं, संपलं. मग ‘पाला पडला’चा मांडला. बावीस वर्षांत सागाची पानगळ अकरा दिवस अलीकडे सरकली आहे. मॅडमनी चष्मा काढून विचारलं, या डायऱ्यांतले शब्द उलगडून सांगणारं कुणी आहे का. म्हटलं, आहे, भोकरला.

जागा मिळाली, मामा. आईनं बी.एड.चा फॉर्म मसाल्याच्या डब्याखाली अंथरलाय. ऑगस्टमध्ये तुमच्याच जुन्या रानात काम सुरू होतंय आणि मॅडमनी तुम्हालाही बोलावलंय. पार्सलनं बूट पाठवलेत, नऊ नंबरचे. घालूनच या. मला बत्तिसावं पान नकोय.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
महामाया