जप्त केलेली छिन्नी

नाशिक, गुरुवार, १२ मार्च १९३६. सकाळी सव्वादहा वाजता.

सगळे नट सुटले, तरी माझ्या मोटारीच्या इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, जागचे हलेना, तेव्हा गॅरेजवाल्याने फटीत छिन्नी घातली. छिन्नी! एक खाच पडली असती, तर इंजिन कायमचे गळके झाले असते. मी ती हिसकावलीच.

“बाई, ही तुमची शाळा नाही,” म्हणाला. निवृत्त झाले म्हणून काय डोळे मिटले माझे?

शेजारच्या छापखान्यातले रहीम मिस्त्री हसत आले. “प्लग भोकांत घट्ट राहू द्या बाई, म्हणजे हवा कोंडेल; नुसतं पुढचं हँडल मारा.” मीच मारले. आतल्या हवेच्या दाबाने हेड आपोआप उचलले गेले, एक ओरखडा नाही. हुश्श!

छिन्नी माझ्या कपाटात आहे. शनिवारी दुपारी बाराच्या आत गॅरेजवाल्याने लेखी खुलासा द्यावा, तरच परत मिळेल.