लाल मुठीवरचा दोरा

शुक्रवार, राजाजीनगर. दिवेलागण.

सकाळी मुग्धाचं पार्सल आलं. हेल्मेट दोन हजार. कमरेचा पट्टा आणि पतंगाला जोडायची दोरी वापरलेली, म्हणून साडेचार हजारांत. रामेश्वराला लोक दर्शनाला जातात, आमची लेक समुद्रात पतंगामागे फळीवर उभं राहायला शिकणार! दुपारच्या बसने गेलीसुद्धा.

निघण्याआधी तिने दोरीची लाल मूठ दाखवली. "आई, वारा फार ओढायला लागला की ही पुढे ढकलायची. दोरी सुटते, पतंग जातो, मी राहते. सरी ना?" तिचं ते इथलं कानडी 'ठीक ना'.

मला तेवढंच पटलं. म्हणून ती जेवत असताना देवीचा दोरा त्याच लाल मुठीला गुंडाळून बांधला. घट्ट, सुटू नये असा.

सुटू नये असा! सांजवात लावताना डोक्यात आलं आणि हात थांबला. मूठ सरकलीच नाही तर?

हे म्हणाले, "अगं, शिकवणारे तपासतात सगळं."

तपासत असतील. पण देवाचा दोरा म्हणून कुणी हातच लावला नाही तर?

फोन लागत नाही. शेवटी मेसेज लिहिला: मुग्धा, पाण्यात उतरण्याआधी लाल मुठीवरचा दोरा कात्रीने काप. देवी रागावणार नाही, मी तिला सांगितलंय. कापलास की लगेच मला कळव.